गरोदरपणातला धूर: आधी कोणता थांबवायचा?

रायगड जिल्ह्यातल्या खांब, कोलाड, नागोठणे आणि पलीकडे पेण-वडखळ या पट्ट्यात घरात बाळाची चाहूल लागली की हल्ली एक नवी काळजी सुरू होते. दूषित हवेचा पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, असे कुठेतरी वाचलेले असते. दारासमोरून मुंबई-गोवा महामार्ग जातो, एका अंगाला धाटावची औद्योगिक वसाहत असते, दुसऱ्या अंगाला नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल. मग तेच ते प्रश्न विचारले जातात. सुनेला माहेरी पाठवावे का? हवा गाळणारे यंत्र घ्यावे का? मोबाइलवर हवेचा आकडा हिरवा दिसतो, मग काळजी कशाची? या सगळ्यात नजर चिमणीकडे आणि रस्त्याकडे जाते. स्वयंपाकघरातला, अंगणातला आणि शेतातला धूर धूर म्हणून हिशेबात धरलाच जात नाही. धूर किती जवळ आहे आणि दिवसाचे किती तास तो नाकात जातो, या दोन गोष्टींवरून त्याचा क्रम लावा, असे या लेखाचे म्हणणे आहे. दुसरे म्हणणे घरच्या माणसांसाठी आहे. यातला बहुतेक धूर गरोदर बाईने स्वतःच्या मर्जीने पेटवलेला नसतो, तेव्हा तो थांबवण्याचे काम तिच्या एकटीच्या गळ्यात घालू नका.

काय कळले आहे, आणि कुठे अडते

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडरिका परेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत दोन दिवस पाठीवर वागवायला एक छोटे यंत्र दिले. त्या जी हवा श्वासात घेत होत्या, तीच ते यंत्र टिपत होते. लाकूड, कोळसा, डिझेल, प्लास्टिक, तंबाखू, काहीही अर्धवट जळले की पीएएच नावाची संयुगे निघतात. त्यांचे प्रमाण मोजले गेले. पुढे मुले पाच वर्षांची झाल्यावर २४९ जणांचा बुद्ध्यांक तपासला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जास्त पीएएच श्वासात गेलेल्या आयांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा चार गुणांहून थोडा अधिक कमी भरला. पोलंडमधल्या क्राकोव शहरात घरे कोळशावर तापवली जात. तिथेही २०१० मध्ये जवळपास तेवढीच घट आढळली. चीनमधल्या तोंगल्यांगचा दाखला आणखी बोलका आहे. तिथले कोळशावर चालणारे वीजकेंद्र २००४ मध्ये बंद झाले. त्याआधी जन्मलेल्या मुलांमध्ये पीएएच आणि विकासातली घट यांचा संबंध दिसत होता. केंद्र बंद झाल्यानंतरच्या मुलांमध्ये तो दिसेनासा झाला.

आईच्या फुप्फुसातला कण बाळापर्यंत पोहोचतो तरी का, ही शंका आता उरलेली नाही. बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. २०२२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांसोबतच्या कामात, पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही ते दिसले. अर्थात कण पोहोचणे आणि त्याने बुद्धीचे नुकसान करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरा आक्षेप इथेच येतो. गरीब घरात धूरही जास्त असतो आणि पोषणही कमी असते. मग घट धुरामुळे की गरिबीमुळे? संशोधकांनी आईचे शिक्षण आणि घरातले वातावरण यांचा हिशेब वजा करून पाहिला, पण अशी वजाबाकी कधीच पुरी होत नाही. या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर मंगोलियाची राजधानी उलानबातरमधून मिळाले. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गरोदर स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला हवा गाळणारी यंत्रे दिली, दुसऱ्याला दिली नाहीत. मुले चार वर्षांची झाल्यावर यंत्रे दिलेल्या गटातली मुले सरासरी अडीच ते तीन गुणांनी पुढे होती. २०२२ मध्ये आलेला हा आकडा लहान आहे आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरचा आहे. तरी गरिबी-श्रीमंतीची वाटणी दोन्ही गटांत नशिबावर सोडलेली होती, म्हणून त्याचे वजन जास्त.

उलट बाजूचे पुरावेही आहेत. युरोपातल्या सहा ठिकाणच्या नऊ हजारांहून अधिक मुलांचा एकत्रित अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात गरोदरपणातल्या दूषित हवेचा संबंध हालचालींच्या विकासाशी दिसला, बौद्धिक विकासाशी दिसला नाही. तिथे प्रदूषणाचा अंदाज घराच्या पत्त्यावरून बांधला होता. न्यूयॉर्क आणि क्राकोवमध्ये प्रत्यक्ष श्वास मोजला होता, आणि हा फरक माझ्या मते मोठा आहे. एकाच आळीत चुलीवर रांधणाऱ्या आणि गॅसवर रांधणाऱ्या दोघींचा पत्ता जवळजवळ एकच असतो. श्वास मात्र एक नसतो.

तेव्हा घाबरण्याचे मोजमाप एवढेच ठेवा. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरली जाते आणि सुमारे दोन-तृतीयांश मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान असतात. चार गुणांचा फरक एका मुलाच्या अभ्यासात नजरेला येत नाही. धुरात दिवस गेलेल्या आईचे मूल हुशार निघू शकते, निघतेही. फरक दिसतो तो शेकडो मुलांचा मिळून. म्हणून या भीतीपोटी गर्भपाताचा विचार करण्याचे कारण नाही, आणि आधी झालेल्या मुलाच्या मार्कांसाठी आईला बोल लावण्याचे तर मुळीच नाही.

जवळचा धूर, लांबचा धूर

कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला. पुढे त्याने एक ढोबळ हिशेब मांडला: उंच चिमणीतून हवेत गेलेल्या एक ग्रॅम धुरापेक्षा घरात सुटलेला एक ग्रॅम धूर माणसाच्या फुप्फुसात सुमारे हजारपट जास्त पोहोचतो. चिमणीचा धूर मैलोगणती पसरून विरळ होतो. घरातला छपराखाली साचतो आणि माणूस त्याच छपराखाली असतो. हा हिशेब आपल्या भागाला लावला तर साधारण असा क्रम लागतो:

- बंद स्वयंपाकघरातली चूल आणि अंघोळीच्या पाण्याचा लाकडाचा बंब
- रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती, घरात ओढली जाणारी विडी-सिगारेट, भाजली जाणारी मिश्री
- अंगणात किंवा परसात जाळलेला पाला आणि प्लास्टिकचा कचरा
- फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत शेतात भाजले जाणारे राब
- महामार्गाची धूळ आणि डिझेलचा धूर, घर रस्त्याला लागून असेल तर
- कारखान्यांच्या चिमण्या

वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर कामाला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा क्रम बदलतो. तिथे झोपडी भट्टीलगतच असते, म्हणून भट्टीचा धूर चुलीच्या बरोबरीला येतो. कारखान्याच्या कुंपणाला लागून राहत असाल तरीही क्रम बदलतो, कारण रासायनिक कारखान्यातून गळणाऱ्या वायूंना चिमणीच्या उंचीचा हिशेब लागू होत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा तर कारखान्यांना मोकळे सोडण्याचा आणि गरिबाच्या चुलीला धरण्याचा प्रकार झाला. तसे नाही. कारखान्याविरुद्धची तक्रार निकाली लागायला महिने, कधी वर्षे जातात. गरोदरपण नऊ महिन्यांचे असते. आज हाताशी काय आहे, एवढेच हा क्रम सांगतो. तक्रारीचा भाग पुढे आहेच.

चूल, सिलिंडर आणि मधला काळ

आपल्या बहुतेक घरांत आता गॅस आहे आणि चूलही आहे. भाजी, चहा गॅसवर. भात, भाकरी आणि अंघोळीचे पाणी लाकडावर. सरपण फुकट मिळते आणि सिलिंडर पुरवून वापरायचा असतो, त्यामुळे हे होणारच. पण धुराच्या बाबतीत अर्धी चूल म्हणजे अर्धा फायदा असे होत नाही. स्वयंपाकघरात दिवसातून दोन तास चूल पेटली तरी तिथली हवा दिवसभराची बिघडते. निदान गरोदरपणात घरातली लाकडाची सगळी कामे घराबाहेर न्या.

गॅस नसेल किंवा रिफिल परवडत नसेल तर:

- उज्ज्वला योजना: गरीब कुटुंबातल्या सज्ञान स्त्रीच्या नावावर जोडणी मिळते, घरात दुसरी गॅसजोडणी नसावी. आधार, रेशन कार्ड आणि बँक खाते लागते. कामासाठी गाव सोडलेल्या कुटुंबाला राहत्या पत्त्याबद्दल स्वतःचे घोषणापत्र चालते, ही सोय २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात आली.
- मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना: राज्याची २०२४ ची योजना. उज्ज्वलाच्या लाभार्थींना आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडरची रक्कम सरकार देते. इथे बहुतेक जण एका गोष्टीवर अडतात: जोडणी बाईच्या नावावर हवी. सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर एजन्सीत जाऊन नावबदल आधी करून घ्या.
- विजेची शेगडी: इंडक्शनवर निदान पाणी आणि भात होतो. वीज जाण्याचा प्रश्न आहे, पण बंबाला तो चांगला पर्याय आहे.

या योजनांचे नियम आणि रक्कम मधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी गॅस एजन्सीत किंवा ग्रामपंचायतीत खात्री करा.

यातले काहीच जमण्यासारखे नसेल तर चूल मागच्या पडवीत किंवा उघड्यावर मांडा, सरपण कोरडे ठेवा आणि फुंकणी दुसऱ्या कोणाच्या हातात द्या. ओल्या लाकडाचा धूर कितीतरी जास्त असतो. पावसाळ्यासाठी सरपण आधी भरून ठेवण्याची आपली रीत याही कारणासाठी चांगली. घरातली दुसरी कोणती बाई चुलीपुढे बसणार, हा प्रश्न लगेच येईल. बाईच का, असे त्यावर विचारावेसे वाटते.

गॅस आणला म्हणजे काम झाले, असेही धरून चालू नका. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. निम्म्या स्त्रियांना गॅस दिला होता. त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण दोन-तृतीयांशाने घटले, पण बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही. यावरून चूलच बरी, असा अर्थ काही जण काढतात. जन्मवजन आणि मेंदूचा विकास एकच नव्हेत, हा एक मुद्दा. दुसरा असा की गॅस मिळाला तेव्हा या स्त्रियांना तिसरा ते पाचवा महिना लागलेला होता, आणि घटून उरलेले प्रमाणही जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक मर्यादेच्या चौपटीहून अधिक होते. माझ्या मते यातून निघतो तो धडा वेळेचा आहे. गॅसचा अर्ज सातव्या महिन्यात करण्यापेक्षा लग्न झाल्यावर, नवे रेशन कार्ड करतानाच करून टाका.

मच्छर अगरबत्ती, मिश्री, धुरी

मच्छर अगरबत्तीला कोणी धूर मानत नाही. २००३ च्या एका अभ्यासात एक अगरबत्ती पुरी जळली की ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण हवेत जातात असे आढळले, आणि आपण ती दारे-खिडक्या लावून उशाशी ठेवतो. ती बंद करा, पण डासांना मोकळे रान देऊ नका. गरोदरपणात मलेरिया आणि डेंगी दोन्ही घातक असतात. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा आणि साठवलेले पाणी झाकून ठेवा.

मिश्रीचा तोटा दुहेरी आहे. तव्यावर तंबाखू भाजताना धूर निघतो आणि दातांना लावल्यावर निकोटीन रक्तात जाते, तिथून वारेतून बाळाकडे. दात दुखतो म्हणून लावते, असे सांगणाऱ्या बाईला दाताच्या डॉक्टरकडे न्या; गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात. कायमची सवय असेल तर आशाताईंना मोकळेपणी सांगा. विडी ओढणाऱ्या पुरुषाने ओटीवर बसून ओढली तरी धूर आत येतो. त्याने अंगणाच्या कडेला जावे.

बाळ झाल्यावर धुरी येते. बंद खोलीत शेगडी पेटवून, त्यावर ओवा, वेखंड टाकून बाळंतिणीला आणि बाळाला धूर देण्याची पद्धत आपल्याकडे अजून घरोघरी आहे. आमची सगळी पोरे यातच वाढली, असे घरातल्या आजी म्हणतील, आणि त्यात खोटे काही नाही. मात्र बाळाचा मेंदू जन्मानंतरची पहिली दोन वर्षेही झपाट्याने वाढत असतो आणि त्याचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद असतो, म्हणून त्याच हवेतून वजनाच्या मानाने त्याच्या आत जास्त जाते. आजींशी वाद घालण्यापेक्षा वाटणी करा: तेलाचे मालिश, गरम पाण्याची अंघोळ, गरम कपड्याचा शेक हे सगळे ठेवा, फक्त धूर काढून टाका. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि त्याने जीव जाऊ शकतो. एवढे सांगितले की बहुतेक घरे ऐकतात.

राब, कचरा आणि भट्टी

भाताची रोपे करायची जागा पाला-शेण पसरून भाजायची, ही कोकणातली जुनी रीत आहे. तण मरते, माती भुसभुशीत होते आणि रोपे जोमाने येतात, म्हणून शेतकरी ती सोडत नाही. पण भर उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे गावाभोवती कुठे ना कुठे राब पेटलेला असतो. गरोदर बाईने राबासाठी पाला गोळा करायला हरकत नसली, तरी भाजताना तिथे थांबू नये. भाजणी दुपारी, वारा गावाबाहेर वाहत असताना करावी. सकाळी आणि रात्री धूर जमिनीलगत अडकून राहतो.

राबाला पर्याय आहेत, आणि तेही जिल्ह्यातच. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट भात टोकतात. रोपवाटिकाच नसते, म्हणून राबही नसतो आणि लावणीचे वाकून करायचे कामही वाचते. गरोदर बाईच्या दृष्टीने हा दुसरा फायदा लहान नाही. तणांचा प्रश्न मात्र तिथे नीट हाताळावा लागतो. रोह्याजवळ किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे या तंत्राबद्दल आणि न भाजता रोपे करण्याच्या इतर पद्धतींबद्दल विचारा. सगळे शेत एकदम बदलू नका, एखाद्या खाचरात करून पाहा.

उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केलेली आहे, ग्रामपंचायतीलासुद्धा. गाडी येत नाही म्हणून जाळतो, हे उत्तर मिळेल. ते खरेही असते, म्हणून मागणी गाडीची करा. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हा विषय लेखी द्या आणि ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात चढला का, ते पाहा.

वीटभट्टीवर जाणाऱ्या आदिवासी वाड्यांवरच्या कुटुंबांना घरी थांबा, असे सांगणे निरर्थक आहे. उचल आधीच घेतलेली असते. तरी तीन गोष्टी मागता येतात. झोपडी भट्टीच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला मिळावी. गरोदर बाईला भट्टी भरण्या-पेटवण्याऐवजी लांबचे काम मिळावे. आणि जिथे राहता तिथल्या अंगणवाडीत तिचे नाव लागावे. निघताना माता व बालसंरक्षण कार्ड सोबत घ्या. त्याशिवाय नव्या ठिकाणी तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात.

महामार्ग, मास्क आणि मोबाइलवरचा आकडा

पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रखडले. त्या काळात रस्त्याकडेच्या गावांनी धूळ खाल्ली ती वेगळीच. धुळीचे जाड कण नाक-घशात अडकतात. मेंदूच्या दृष्टीने डिझेलच्या धुरातले बारीक कण जास्त काळजीचे. त्यांचे प्रमाण रस्त्यापासून दूर जाताना झपाट्याने घटते आणि तीनशे ते पाचशे मीटरवर बरेच विरते. घर हलवता येत नाही, खोली हलवता येते. गरोदर बाईचे झोपणे-बसणे मागच्या खोलीत करा, रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी लावून घ्या आणि केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. फिरायला जायचे तर हिवाळ्यात पहाटे नको. डोंगरांच्या मधल्या या भागात थंडीत सकाळी धूर खाली बसलेला असतो. ऊन वर आल्यावर, आतल्या वाटेने जा.

ओढणी किंवा साधा कापडी मास्क बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसला तर अडवतो. दुचाकीवरून रोहा-पेणला जाताना तो वापरा; दम लागला तर काढा. हवा गाळणाऱ्या यंत्राबद्दल स्पष्ट सांगायचे तर, उलानबातरमध्ये ते थंडीमुळे बंद असलेल्या घरांत चालले. कौलारू छप्पर आणि उघडी दारे असलेल्या आपल्या घरात ते बाहेरचीच हवा गाळत बसेल. तेच पैसे सिलिंडरला लावा.

मोबाइलवरचा आकडा सर्वांत जवळच्या मोजणी केंद्राचा असतो, तुमच्या अंगणाचा नसतो. शिवाय हिरवा रंग म्हणजे स्वच्छ हवा असे नाही. आपल्या देशाच्या हवा निर्देशांकात बारीक कणांचे (पीएम २.५) प्रमाण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी रंग हिरवाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. वर्षाच्या सरासरीत तर आपले मानक ४० आणि त्यांचे ५.

माहेरी पाठवावे का?

हवेच्या कारणासाठी सरसकट नको. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात पाठवण्याची रीत असते, पण मेंदूची घडण त्याआधीच बरीच झालेली असते. दोन्ही घरांची तुलना करा: चूल कुठे पेटते, घरात विडी कोण ओढते, बाळंतपणाची सोय असलेले रुग्णालय किती लांब आहे. माहेर डोंगरात, हवा छान, पण स्वयंपाक बंद खोलीतल्या चुलीवर आणि दवाखाना तासाभरावर असेल, तर महामार्गाकाठचे गॅसचे घर बरे.

नोकरी करत असाल तर

धाटावच्या कारखान्यात किंवा पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांनी दिवस गेल्याचे लवकर सांगणे फायद्याचे. मूर्तीच्या कामात स्प्रेने रंग मारण्याची बंद जागा आणि प्लास्टरची घासणी टाळा. आखणी, डोळे रंगवणे ही हाताची कामे मागून घ्या. प्रसूती लाभाच्या १९६१ च्या कायद्याने गरोदर बाईला असा हक्क दिला आहे की तिने विनंती केल्यास मेहनतीचे, फार वेळ उभे राहण्याचे किंवा गर्भाच्या वाढीत अडथळा आणू शकेल असे काम मालक सांगू शकत नाही. ही तरतूद बाळंतपणाच्या तारखेआधीच्या साधारण दहा आठवड्यांपुरती आहे, आणि हा तिचा मोठा दोष आहे, कारण गर्भावर परिणाम पहिल्या तिमाहीपासून होतो. आता या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तिथेही हा हक्क आहे. विनंती लेखी द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि एका प्रतीवर पोच घ्या.

कारखान्याची तक्रार कशी करावी

तक्रार करताना बहुतेक जण एक चूक करतात: आमच्या बाळाच्या बुद्धीवर परिणाम झाला, असे लिहितात. एका मुलाच्या बाबतीत हे सिद्ध करता येत नाही, आणि तक्रार तिथेच ढिली पडते. तक्रार नियमभंगाची करा. कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून, १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याखाली, संमतीपत्र घ्यावे लागते. किती आणि काय सोडायचे, ते त्यात लिहिलेले असते.

- वही ठेवा: तारीख, वेळ, कसला वास किंवा कोणत्या रंगाचा धूर, किती वेळ, वारा कुठून. रात्रीच्या वासाची नोंद न चुकता करा. शक्य तर दोन-तीन घरांनी वेगवेगळी नोंद ठेवावी.
- मंडळाच्या रायगड कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या, प्रत तहसीलदारांना आणि ग्रामपंचायतीला.
- उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात संमतीपत्राची, तपासणी अहवालांची आणि दिलेल्या नोटिसांची प्रत मागा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस.
- त्यानंतरची पायरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. साधारण अर्ज वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, म्हणून वहीतल्या पहिल्या तारखेला महत्त्व आहे.
- वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

महामार्गाच्या कामाची धूळ असेल तर पाणी मारण्याची आणि खडी-मातीचे डंपर झाकण्याची मागणी महामार्ग विभागाकडे याच पद्धतीने, तारखांसह करा.

बाळ झाले असेल तर

मेंदूचा सगळा हिशेब धुरावर नसतो. रक्तातले लोह, आयोडीनयुक्त मीठ, वेळेवर तपासण्या यांचे वजन कमी नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. बाळ झाल्यावर सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या, त्याच्याशी भरपूर बोला आणि धूर त्याच्यापासूनही दूर ठेवा. मूल वयानुसार मान धरत नाही, बसत नाही, नावाला वळून पाहत नाही किंवा बोलायला लागत नाही असे वाटले, तर मुलगे उशिराच बोलतात म्हणून वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. तारीख अंगणवाडीताईंकडून आधी विचारून ठेवा, त्या दिवशी मुलाला न्या, आणि पुढे पाठवल्याची चिठ्ठी मिळाली तर ती माता व बालसंरक्षण कार्डातच ठेवा. जिल्हा रुग्णालयात पहिल्यांदा तीच मागतात.